इटलीतला राजकीय विचारवंत मॅकियाव्हेली वाचायचा, तर आधी काय? 'प्रिन्स' की 'डिस्कोर्सेस'?

बहुतेक जण 'प्रिन्स' उचलतात. साहजिक आहे, अवघी 26 छोटी प्रकरणं. पण ते कोणत्या अवस्थेत लिहिलं, हे आधी पाहावं. 1512 मध्ये फ्लॉरेन्सचं प्रजासत्ताक कोसळलं, त्याची चौदा वर्षांची सरकारी नोकरी गेली. पुढच्या वर्षी कटाच्या संशयावरून तुरुंग; हात पाठीमागे बांधून दोरानं वर टांगायचं आणि झटक्यानं खाली सोडायचं, असा छळ. सुटल्यावर तो गावाकडच्या घरी राहिला. संध्याकाळी दाराशी चिखलाचे कपडे उतरवायचा, दरबारी पोशाख चढवायचा आणि चार तास प्राचीन ग्रंथकारांच्या संगतीत बसायचा. मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यानंच हे सांगितलंय. मला हा माणूस इथेच भेटला.

'प्रिन्स' त्यानं फ्लॉरेन्सच्या नव्या सत्ताधारी मेडिची घराण्यातल्या लोरेंझोला अर्पण केलं. त्यात नोकरीची आस आहे. 'डिस्कोर्सेस' मात्र मित्रांना अर्पण केलेलं. रोमन इतिहासकार लिव्हीच्या आधारे तो तिथं सांगतो की सरदार आणि सामान्यांच्या भांडणांतूनच रोमचं स्वातंत्र्य टिकलं, आणि राजापेक्षा जनता अधिक शहाणी असते. ग्रंथ जाडजूड आहे, मधे रेंगाळतोही. तरी माझं मत 'डिस्कोर्सेस'लाच. निदान पहिला भाग आधी वाचा, मग 'प्रिन्स'.