यादी, फेरी की सराव? ताफ्यातल्या अंतराळजहाजांची तयारी कशी तपासावी

गणपती झाले की मोठी मोहीम सुरू करायची, असं ताफ्यात ठरतं आणि लगेच प्रश्न येतो: कुठलं जहाज निघायला तयार आहे, हे ठरवणार कोण आणि कशावरून? रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला असे विखुरलेले आम्ही लोक फोनवरून मिळून अंतराळाची गोष्ट लिहितो. प्रत्येकाचं एक पात्र, प्रत्येक पात्र कुठल्या ना कुठल्या जहाजावर. अशा गटात ताफाप्रमुखाचं काम नव्याने अंगावर घेणाऱ्यासाठी हा आढावा आहे.

आमच्याकडे तीन पद्धती चालतात. ‘यादी’त कॅप्टनला प्रश्नांचा तक्ता पाठवतात आणि तो भरून घेतात. ‘फेरी’त तपासणी अधिकारी नावाचं पात्र जहाजावर चढतं, म्हणजे तपासणी हाच गोष्टीतला प्रसंग होतो. ‘सराव’ म्हणजे न सांगता संकट टाकायचं, कधी इंजिन बंद, कधी हवेची गळती, आणि क्रू काय लिहितो ते बघायचं. माझं मत आधीच सांगते: बहुतेक ताफ्यांनी फेरी निवडावी. पण इतर दोन पद्धती कुठे लागतात हे कळल्याशिवाय फेरीही नीट जमत नाही.

मुळात तयारी दोन ठिकाणी असते. एक गोष्टीतल्या जहाजाची: इंधन, हवा, क्रू, नकाशे यांचा एकमेकांशी मेळ बसतो का. दुसरी लिहिणाऱ्या माणसांची. कॅप्टन लिहिणारा आजारी पडला तर पुढचं कोण सांभाळणार? मुख्य इंजिनिअर चालवणारी मुलगी परीक्षेत अडकली आहे का? मागच्या मोहिमेतला प्रसंग अर्धवट लोंबकळतोय का? जहाजाचं इंजिन आपण बिघडवल्याशिवाय बिघडत नाही. लिहिणारी माणसं मात्र न सांगता गप्प होतात. मोहीम मोडते ती बहुतेक वेळा या दुसऱ्या कारणाने. म्हणून कुठलीही पद्धत घ्या, ती या दोन्ही ठिकाणी पोचते का हे आधी पाहा.

यादीचं बळ आकड्यांत आहे. माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो आणि तो सुमारे १ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. कुणी ४० जणांचा क्रू घेऊन ९० दिवसांच्या मोहिमेवर निघालं, तर तीन टनांहून जास्त ऑक्सिजन हवा, नाहीतर श्वासातून सुटलेल्यातून तो परत मिळवणारी यंत्रणा तरी हवी. छोट्या मालवाहू जहाजात एवढं कुठे ठेवलंय? यादीतला एक प्रश्न हे दहा मिनिटांत उघडं पाडतो, आणि कॅप्टनला राग न येता. उपकप्तान कोण, शेवटची पोस्ट कधीची, कुठलं पात्र रिकामं आहे, या गोष्टीही यादीतच स्वच्छ कळतात. ताफ्यात दहा-बारा जहाजं असतील तर यादीवाचून गत्यंतरच नाही.

पण वस्तू आहे की नाही एवढंच यादी विचारते. एप्रिल १९७० मध्ये अमेरिकेच्या अपोलो १३ या चंद्रमोहिमेत यानावरची ऑक्सिजनची टाकी फुटली आणि तिघांना चंद्रावर उतरायच्या छोट्या यानाचा आसरा घ्यावा लागला. ते यान दोघांसाठी आणि थोड्या दिवसांसाठी बनवलेलं होतं. कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे मुख्य यानात भरपूर होते, पण ते चौकोनी, आणि छोट्या यानातली जागा गोल डब्यांची. शेवटी प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, नळी आणि चिकटपट्टी वापरून त्यांनी जोड तयार केला. कागदावर दोन्हीकडे ‘डबे आहेत’ अशीच खूण झाली असती. आमच्या ताफ्यातल्या कितीतरी जहाजांच्या बचावनौका अशाच आहेत: नोंदीत पूर्ण, पण त्या जहाजाला जोडायच्या कशा हे कुणी लिहिलेलंच नाही. शिवाय एकदा कुठल्या उत्तराला ‘उत्तम’ मिळतं हे कळलं की पुढच्या वर्षी सगळ्या कॅप्टनांची उत्तरं एकाच हातची वाटायला लागतात.

फेरीत हे होत नाही, कारण तिथे वस्तूबरोबर माणूसही समोर येतो. २७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाची बूस्टर रॉकेटं बनवणाऱ्या कंपनीतल्या अभियंत्यांनी सांगितलं होतं की एवढ्या थंडीत जोडातली रबरी कडी नीट काम करणार नाहीत, उड्डाण करू नका. वरिष्ठांनी ते मानलं नाही. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान गेलं आणि सात जणांचा जीव गेला. धोका कुणालाच माहीत नव्हता असं नाही. बोलणारा खालच्या पायरीवर होता आणि ऐकणारा वरच्या. खालचा बोलतो का आणि वरचा ऐकतो का, जहाजाच्या तयारीत याहून मोलाचं दुसरं काही नाही, आणि ते बघायची सोय फक्त फेरीत आहे.

म्हणून चांगला तपासणी अधिकारी ब्रिजवर, म्हणजे जहाजाच्या नियंत्रणकक्षात, रेंगाळत नाही. तो थेट इंजिन रूममध्ये उतरतो आणि सगळ्यांत कनिष्ठ पात्रापाशी थांबतो.

“या सीलवर सही कुणाची?”

“कॅप्टनसाहेबांची.”

“तुमची का नाही?”

इथून पुढे काय होतं ते त्या नवख्या लेखकावर. आमच्याकडे एका मुलाच्या पात्राने कॅप्टनच्या देखत सही नाकारली आणि तो वाद पुढचा पावसाळाभर पुरला. तोवर त्या मुलाच्या पोस्ट दोन ओळींच्या असायच्या. यादीने त्याला कुणी काही विचारलंच नसतं, कारण यादी भरतो कॅप्टन.

मासेमारीच्या घरातले लेखक या कामाला फार चांगले. हर्णैकडच्या आमच्या एका मैत्रिणीचा अधिकारी जहाजावर पाऊल ठेवताच विचारतो, “हवा सुटली तर आधी कुठला दरवाजा बंद, आणि तो बंद करणारा आत राहतो की बाहेर?” बोटीवर वाढलेल्या माणसाला पाणी कुठून शिरेल हे आधी सुचतं, आम्हा बागायतीच्या बाजूच्यांना आधी सुचतात तोफा.

फेरीचा धोकाही तेवढाच खरा आहे. सगळा भार एका लेखकावर असतो. तो कमी पडला तर अधिकारी नुसता आरडाओरडा करणारा साहेब होतो आणि क्रू मुकाट उभा राहतो. दोन नियम पाळले तर हे टळतं. अधिकारी दुसऱ्या जहाजावरचा असावा, पण ज्याच्या जहाजाची त्या कॅप्टनशी चुरस आहे असा नसावा. आणि दोष आधी ठरवून घ्यावेत: एक कॅप्टन लपवणार, एक अधिकारी नव्याने काढणार, त्यापलीकडे जहाजाच्या रचनेत कॅप्टनला विचारल्याशिवाय हात घालायचा नाही. जहाज हे कुणीतरी रात्री जागून रचलेलं असतं. त्याला परक्याने भोक पाडलेलं कुणाला चालेल?

सराव सगळ्यांत आकर्षक वाटतो. नौदलात हीच रीत आहे. कोचीला मुख्यालय असलेली आपल्या नौदलाची समुद्री प्रशिक्षण यंत्रणा जहाजांवर खोटी आग आणि खोटी गळती लावून क्रूची परीक्षा घेते. पण तिथे सगळा क्रू जहाजावर हजर असतो. आमचा क्रू जुलैत कुठे असतो? वीज गेलेली, टॉवर बंद पडलेला, आणि अग्निशमनाची जबाबदारी असलेलं पात्र ज्याचं, तो दोन दिवस फोन चार्ज करायला जागा शोधतोय. तेवढ्यात सराव चालवणाऱ्याने लिहून टाकायचं की तिसरा मजला जळाला, हा उघड अन्याय आहे. सराव घ्यायचाच तर प्रत्येक चालीला किमान तीन दिवस द्या, आणि जहाजावरचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळापासून वेगळं ठेवा: तुमचे तीन दिवस म्हणजे त्यांची दोन मिनिटं.

एवढं सांभाळलं तर सराव एक गोष्ट दाखवतो जी बाकी दोघांना दिसत नाही. कॅप्टन गप्प असताना उपकप्तान सूत्रं हातात घेतो का? यादीत त्याचं नाव असतं, फेरीत तो शेजारी उभा असतो, पण हुकूम देतो का हे संकटातच कळतं. आणि गुण देताना एक ध्यानात ठेवा. चांद्रयान २ चं उड्डाण १५ जुलै २०१९ ला ५६ मिनिटं उरलेली असताना थांबवलं गेलं आणि २२ जुलैला झालं. ज्या क्रूने सरावात “आम्ही निघत नाही” असं कारणासकट लिहिलं, त्याला मी निघालेल्या क्रूइतकंच तयार धरते.

वेळेचं गणित किनाऱ्यावर राहणाऱ्याला वेगळं मांडावं लागतं. मे महिन्यात आंबा आणि चाकरमानी, कुणालाही हात रिकामा नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, तेव्हा बंदरावरच्या घरांतले लेखक मोकळे असतात आणि बागेवालेही. त्यानंतर गणपतीपर्यंत जेमतेम जमतं, गणपतीत काहीच नाही. म्हणून यादी जूनच्या पहिल्या आठवड्यात, फेऱ्या जून-जुलैत. फेरीला रेंज गेली तरी फरक पडत नाही. अधिकारी इंजिन रूममध्ये उत्तराची वाट बघत उभा राहू शकतो.

निकाल गुणांत देऊ नका. शंभरपैकी एकाहत्तर मिळालेलं जहाज आणि अडुसष्ट मिळालेलं जहाज यांत मोहिमेच्या दृष्टीने काय फरक? पण अडुसष्टवाला कॅप्टन वर्षभर दुखावलेला राहतो. ‘निघेल’, ‘एवढं करून निघेल’, ‘बंदरात थांबेल’ हे तीन शेरे पुरतात. बंदरात थांबणाऱ्या जहाजाला मात्र तिथेच एक कथानक द्या: दुरुस्ती, चौकशी, क्रूची अदलाबदल, काहीही. नाहीतर त्या जहाजावरचे चार-पाच लेखक मोहीम संपेपर्यंत प्रेक्षक बनतात आणि पुढच्या वर्षी दिसत नाहीत.

मग तुमच्या ताफ्याला काय? दोन-तीन जहाजं असतील तर सरळ फेरी, आणि अधिकाऱ्याच्या हातात पाच प्रश्नांची चिठ्ठी, म्हणजे यादीचं काम तिथेच उरकतं. जहाजं जास्त असतील तर सगळ्यांना यादी आणि जिथली उत्तरं फारच गुळगुळीत आहेत तिथे फेरी. पुढची मोहीम युद्धाची असेल आणि क्रू जुना असेल तरच सराव. निम्मे लेखक या वर्षी आलेले असतील तर अजिबात नाही, कारण न कळलेल्या नियमांवर पहिल्याच महिन्यात नापास झालेला माणूस परत लिहीत नाही. आणि एकच जहाज असेल, बाहेरून अधिकारी आणायला दुसरा क्रूच नसेल, तर क्रूमधल्या प्रत्येकाने आपलं खातं सोडून दुसऱ्याच्या खात्याला एक प्रश्न विचारावा: स्वयंपाक्याने इंजिनला, डॉक्टरने नकाशांना. कॅप्टनने उत्तरं द्यायची नाहीत, फक्त वाचायची.