सोसायटीच्या सॉफ्टवेअरला फुकट प्लॅन: आठ महिने चालवल्यानंतरचा अनुभव

हाउसिंग सोसायट्यांचा हिशेब आणि मेंटेनन्सची बिलं सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही तिघं पुण्यात बनवतो. फुकट प्लॅन ठेवायचा की नाही, यावर आमच्यात बरीच खडाजंगी झाली. शेवटी ठेवला. वीस फ्लॅटपर्यंत सगळं मोफत, कायमचं.

तेव्हा डोळ्यांसमोर झूम आणि स्लॅक (ऑफिसच्या टीमसाठीचं मेसेजिंग ॲप) होते, कारण ते आम्ही स्वतः फुकटच वापरत होतो. झूमची मोफत मीटिंग चाळीस मिनिटांत संपते. स्लॅकवर २०२२ पासून मोफत प्लॅनमध्ये नव्वद दिवसांमागचे मेसेज दिसत नाहीत. दोन्ही मर्यादा मला आजही पटतात. काम वाढलं की त्या आपोआप आडव्या येतात, आणि लिंक पाठवली की नवा माणूस आपसूक आत येतो.

आमची अट मात्र चुकली. बारा फ्लॅटची इमारत पुढच्या वर्षीही बारा फ्लॅटचीच राहते. ती वीस ओलांडणार कधी? आणि आपल्या सोसायटीची थकबाकी कोणी शेजारच्या सोसायटीला दाखवत नाही, मग प्रसार होणार कसा?

सर्व्हरचा खर्च किरकोळ निघाला. खरा खर्च फोनवरच्या वेळाचा. ओपनिंग बॅलन्स जुळत नाही, थकबाकीवर व्याज दुप्पट लागलं, पावती चुकीच्या नावावर फाटली. एका निवृत्त सेक्रेटरीकाकांशी मी सलग तीन रविवार बोललो. त्यांना दोष कसा देऊ? नोकरी संपल्यावर बिनपगारी जबाबदारी घेतलेला माणूस आहे तो. पण कमिटी बदलली की नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं. शिवाय व्हॉट्सॲपवर सॉफ्टवेअरमधून बिल पाठवलं की दर मेसेजमागे पैसे पडतात, ते वेगळेच.

चौदा दिवसांची ट्रायल हा पर्यायही आम्ही आधीच वापरून पाहिला होता. बिलं तिमाहीला निघतात, त्यामुळे पहिलं बिल काढायच्या आत मुदत संपायची. नव्या कंपन्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: ट्रायलचे दिवस ठरवण्याआधी ग्राहकाचं काम किती दिवसांनी एकदा होतं, ते बघा.

दिलेलं परत घेणं अवघड असतं. ॲप इंटरनेटवर चालवायला जागा देणाऱ्या हेरोकू या सेवेने २८ नोव्हेंबर २०२२ पासून मोफत प्लॅन बंद केले, तेव्हा कित्येक विद्यार्थ्यांना आपले प्रोजेक्ट हलवावे लागले. म्हणून आमच्याकडच्या जुन्या मोफत सोसायट्यांना आम्ही हात लावलेला नाही.

नव्यांसाठी फुकट प्लॅन बंद केला. त्याऐवजी बिल काढण्यापासून वसुलीची नोंद होईपर्यंत एक पूर्ण फेरी मोफत, मग ती तीन महिन्यांची असो की एका महिन्याची. हिशेब एक्सेलमध्ये उतरवून घेणं कायम मोफत, कारण दप्तर सोसायटीचं आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, म्हणून जुलैत येणाऱ्यांना ही मुदत आम्ही सभा होईपर्यंत वाढवून देतो.