गळ्याचा एक्स-रे, दुर्बीण, सीटी की नुसता स्वॅब?

चिठ्ठीवर ‘एक्स-रे नेक लॅटरल’, म्हणजे मानेचा बाजूने एक्स-रे, एवढंच लिहिलेलं असतं. पोराला कडेवर घेतलेली आई विचारते, “दादा, यात इन्फेक्शन दिसेल ना?” एक्स-रे टेक्निशियन म्हणून अठरा वर्षं फिल्म काढतोय, आणि हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतोच. खरं सांगायचं तर एक्स-रेत दिसते ती हवा. नाकामागून श्वासनलिकेपर्यंतची हवेची वाट फिल्मवर काळी उमटते, आणि कडेचं मांस सुजलं की त्या काळ्या पट्ट्याचा आकार बदलतो. जंतू कुठला, घसा लाल आहे की टॉन्सिलवर पांढरे ठिपके आलेत, हे फिल्मला कळत नाही. निदान डॉक्टर करतील. पण कुठल्या शंकेला कुठली तपासणी लागते हे घरच्यांना माहीत असलं, तर एखादी फुकटची चक्कर वाचते.

नुसता घसा धरलाय

इथे एक्स-रे सरळ बाद. बहुतेक घसे विषाणूंमुळे धरतात आणि आठवड्याभरात सुटतात. शोधायचा असतो तो स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू, कारण त्याच्या मागून मुलांना ऱ्हुमॅटिक फीवर येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात, आणि आपल्याकडे तो आजार अजून गेलेला नाही. त्यासाठी घशाचा स्वॅब. घटसर्पाची शंका असली तरी स्वॅबच, पण तिथे डॉक्टर रिपोर्टची वाट बघत न बसता उपचार सुरू करतात.

टॉन्सिलशेजारी पू साचला तर तोंड नीट उघडत नाही, गरम घास तोंडात धरून बोलल्यासारखा आवाज येतो, पडजीभ एका बाजूला ढकलली जाते. हे बॅटरीच्या उजेडात दिसतं. शंका उरलीच तर सोनोग्राफी किंवा सीटी. साध्या फिल्मवर हा पू सापडत नाही.

रात्री दोनचा भुंकणारा खोकला

साधारण सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला सर्दी होते आणि रात्री अचानक कुत्र्याच्या भुंकण्यासारखा खोकला सुरू होतो, श्वास आत घेताना घर्रकन आवाज येतो. हा क्रूप, म्हणजे स्वरयंत्र आणि श्वासनलिकेची सूज. समोरून काढलेल्या फिल्ममध्ये हवेचा पट्टा वरच्या टोकाला निमुळता होतो. पुस्तकात त्याला चर्चचा मनोरा म्हणतात. मी शिकाऊ पोरांना देवळाचं शिखर म्हणून दाखवतो, पटकन ध्यानात राहतं. पण क्रूप असलेल्या कितीतरी मुलांच्या फिल्ममध्ये हे शिखर नसतंच, आणि कधी क्रूप नसलेल्या मुलात दिसतं. या आजाराचं निदान कानाने होतं. सूज उतरवणाऱ्या डेक्सामेथासोनचा एक डोस, जास्त त्रास असेल तर अ‍ॅड्रेनलिनची वाफ. फिल्म लागते ती चित्र जुळत नसेल, औषधाने उतार पडत नसेल, तेव्हा.

याच्याशी गल्लत होऊ शकते असा दुसरा आजार म्हणजे एपिग्लॉटायटिस, श्वासनलिकेवरच्या झाकणाची सूज. बाजूने काढलेल्या फिल्ममध्ये ते झाकण अंगठ्यासारखं जाडजूड दिसतं. परीक्षेत हमखास विचारतात. प्रत्यक्षात असं मूल एक्स-रेच्या खोलीत येऊच नये. सणसणीत ताप, खोकला फारसा नाही, तोंडातून लाळ गळतेय, पुढे वाकून हनुवटी काढून बसलंय: अशा मुलाला आडवं करायचं नाही, जीभ दाबून घसा बघायचा नाही, त्याला रडवायचं नाही. माझ्या खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर आहे, पण श्वास अडकला तर नळी घालणारा माणूस नाही. अशा मुलाचा घसा ऑपरेशन थिएटरमध्ये, भूलतज्ज्ञ शेजारी उभे असताना बघतात. सुदैवाने मुलांमध्ये हे आता विरळ झालंय, कारण ज्या हिब जंतूमुळे ते बहुतेकदा व्हायचं त्याची लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंट या पाच-रोगांच्या लशीतच असते. मोठ्या माणसांत मात्र अधूनमधून आढळतं. तिथे पेशंट स्थिर असेल तर कान-नाक-घसा डॉक्टर नाकातून बारीक दुर्बीण घालून झाकण थेट बघतात. त्यापुढे माझी फिल्म फिकी.

घशामागचा पू: इथे फिल्म कामाला येते

एक ते पाच वर्षांचं मूल, ताप उतरत नाही, मान वळवत नाही, वर बघ म्हटलं की रडतं, घास घेत नाही. घशाच्या मागच्या भिंतीआड, मणक्यांच्या पुढे पू झाल्याची शंका असते. बाजूच्या फिल्मवर मणके आणि हवा यांच्यामधल्या मांसाची पट्टी मोजायची. मानेच्या दुसऱ्या मणक्यापाशी ७ मिलिमीटरपेक्षा जास्त किंवा सहाव्यापाशी मुलांत १४ आणि मोठ्यांत २२ मिलिमीटरपेक्षा जास्त भरली, तर कान टवकारायचे.

पण हे आकडे तेव्हाच खरे, जेव्हा मान किंचित मागे असते आणि श्वास आत घेतलेला असतो. मागे एक दोन वर्षांची मुलगी आली. आईने घट्ट धरलेली, हनुवटी छातीला टेकलेली, रडून लालबुंद. मी घाईत बटण दाबलं. फिल्मवर ती पट्टी चांगली दुप्पट! आईचा चेहरा उतरला, कारण ती माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडेच बघत होती. मग दहा मिनिटं थांबलो. मुलीच्या हातात किल्ल्यांचा जुडगा दिला, खांद्याखाली दुमडलेला टॉवेल सरकवला, ती हुंदका संपवून श्वास आत ओढते तो क्षण पकडला. दुसरी फिल्म अगदी स्वच्छ आली. रडताना आणि मान वाकलेली असताना लहान मुलांच्या घशामागचं सैल मांस फुगतं, एवढंच झालं होतं. फिल्म जाड दिसली तर ‘मान सरळ होती का, मूल रडत होतं का’ हे जरूर विचारा. टेक्निशियनला राग येणार नाही. आला तर येऊ द्या.

सीटीशी तुलना करायची तर एक्स-रे सांगतो ‘इथे काहीतरी जाड आहे’. शिरेतून औषध देऊन काढलेला सीटी सांगतो की पू साचलाय की नुसती सूज, मोठ्या रक्तवाहिन्या किती जवळ आहेत, पसारा छातीकडे उतरलाय का. सर्जनला चीर द्यायची असेल तर हेच हवं असतं. पण सीटीला आडवं, निश्चल पडावं लागतं, लहानग्याला बहुधा झोपेचं औषध लागतं, किरणांचा डोस साध्या फिल्मच्या कितीतरी पट असतो आणि शेकड्यांचं बिल हजारांवर जातं. म्हणून शंका धूसर असेल तर आधी फिल्म. मूल खरंच आजारी दिसत असेल आणि फिल्म साफ आली, तरी सीटी टाळू नये.

मोठ्या माणसांत दोन गोष्टी वेगळ्या. मानेच्या मणक्याचा क्षयरोग असला तर पू हळूहळू साचतो, ताप बारीक असतो, आणि फिल्मवर झिजलेला मणका दिसतो. पुढे एमआरआय करतात. दुसरी गोष्ट किनारपट्टीवरची: माशाचा काटा. दोन दिवसांपूर्वी काटा लागला, आता गिळवत नाही, ताप आलाय. सगळे काटे एक्स-रेवर उमटत नाहीत, तेव्हा ‘फिल्म साफ आहे’ ऐकून घरी जाऊ नका. दुर्बीण किंवा सीटी करून घ्या.

तोंड उघडं टाकून घोरणारं मूल

सगळ्यात जास्त चिठ्ठ्या याच येतात: अ‍ॅडिनॉइड, म्हणजे नाकाच्या मागे वाढणारी गाठ. इथे एक्स-रे आणि दुर्बीण यांची लढत बरोबरीची आहे. फिल्म स्वस्त, मिनिटाची, मुलाला हातही लावावा लागत नाही. फक्त तोंड बंद आणि श्वास नाकाने हवा. पण ती सावली आहे. दुर्बिणीत गाठ जिवंत दिसते, ती कानाच्या नळीच्या तोंडावर आलीय का, वर चिकट पू आहे का, हेही कळतं. तीन वर्षांचं पोर दुर्बिणीला लाथा मारतं हेही खरं. डॉक्टरांकडे लहान मुलांची बारीक दुर्बीण असेल आणि मूल थोडंफार ऐकणारं असेल, तर फिल्म वगळली तरी चालेल, असं मी माझ्याच धंद्याविरुद्ध सांगतो. आणि ऐन सर्दीत फिल्म काढूच नका. गाठ तेव्हा फुगलेलीच असते.

सायनसच्या, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांच्या ‘पीएनएस’ फिल्मबद्दल दोनच वाक्यं. साध्या सर्दीतही सायनस धूसर दिसतात, त्यामुळे आठ-दहा दिवसांच्या त्रासाला ती काढून काही ठरत नाही. त्रास तीन महिने चालला असेल तर दुर्बीण किंवा सीटी.

फिल्मला यायचं ठरलंच तर मुलाच्या गळ्यातली साखळी, काळा दोरा, ताईत घरीच उतरवा; ताईत नेमका श्वासनलिकेवर येतो आणि पुन्हा फिल्म काढावी लागते. जुनी फिल्म असेल तर सोबत आणा. आणि आई गरोदर असेल, किंवा तशी शक्यता जरी असेल, तरी खोलीत शिरण्याआधी सांगा. मुलाला धरायला बाबा, मामा, कुणीही चालतं.