तलंगा म्हणून कोंबडे गळ्यात मारले

खानापूर-बेळगाव भागात परसात कोंबड्या पाळणाऱ्यांनी हे वाचाच. ४० गावरान तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या), नगाला २८० रुपये. ४ कोंबडे, नगाला ३५०. एकूण १२,६००. अंडी उबवायची होती, म्हणून दहा माद्यांना एक नर असा हिशेब. ५,००० आगाऊ फोनपेवर, ७,६०० टेम्पो दारात आल्यावर रोख. आज खुराड्यात ३१ कोंबडे आणि १३ कोंबड्या आहेत.

टेम्पो आला तिन्हीसांजेला, मुद्दामच. पाऊस, त्यात लाईट गेलेली. तलंगांची जाळी उतरवताना त्यातल्या एकानं मान ताणून फाटका, घोगरा आवाज काढला. "हे काय ओ?" म्हटलं. "सर्दी झालीया मामा, भिजल्यात न्हवं. आडुळसा घाला पाण्यात." अरे, ते आरवणं होतं! कोवळ्या नराचं पहिलंवहिलं आरवणं! आणि रोख तेव्हा माझ्या खिशातच होती. वर त्या पठ्ठ्याला मी रात्री आडुळसा पाजला. अजून डोकं फिरतं.

बरं, मी काही नवखा नाही, आईच्या कोंबड्या राखत वाढलोय. पण ओली पिसं, अडीच महिन्यांचं वय आणि बॅटरीचा उजेड, यात कोण ओळखणार? दिवसाउजेडी एकेक पक्षी हातात धरून बघा. त्या वयाला नराचा तुरा लाल दिसतो, पाय जाड, मानेवरची पिसं टोकदार व्हायला लागतात. मादीची गोल असतात.

आता इतके नर सारखे अंगावर चढून त्या १३ जणींच्या पाठी सोलून निघाल्यात. (नुसती खायची अंडी हवी असतील तर नर लागतच नाही, पण हे विकणारा कशाला सांगेल?)

पोलिसांत गेलो. "विकणारा चंदगडकडचा, महाराष्ट्रात जा." तिकडं म्हणाले, "पैसे कर्नाटकातून गेले, तिकडं नोंदवा." परत इकडं, तर अर्ज कन्नडात हवा. २०० रुपये देऊन लिहवून नेला. साहेब हसले, "कोंबडेच हायत न्हवं? कापून खावा की!" सीमेचा वाद १९५६ पासून भिजत पडलाय, त्यात माझे १२,६०० कोण विचारतो? वास्तविक नव्या नागरिक सुरक्षा संहितेत गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्यानं तक्रार घ्यायची असते. हे तोंडावर सांगा, मी गप्प बसलो नाही. ग्राहक आयोगात तर आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. मी तिकडं निघालोय.

त्या विकणाऱ्याच्या स्टेटसवर काल परत "१०० टक्के तलंगा, २८०" लागलंय. निपाणी-चिकोडीकडच्यांनी आगाऊ एक रुपयाही सोडू नये, आणि टेम्पो सांजेला आला तर तसाच माघारी लावावा.