मेरीसव्हिल, ओरोव्हिल की वीव्हरव्हिल? सोन्याच्या मुलखातली चिनी देवळं

भारतातून आईबाबा आले, गोल्डन गेट दाखवून झाला, आता पुढे कुठे न्यायचं, असा प्रश्न सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या मराठी घरांत दर उन्हाळ्यात पडतो. माझं म्हणणं, उत्तरेला जा आणि सोनं शोधायला आलेल्या चिन्यांची देवळं दाखवा. १८५२ साली कॅलिफोर्नियात परदेशी खाणकामगारांवर दरमहा ३ डॉलर कर बसला, त्याचा भार मुख्यतः चिन्यांवर पडला. तो भरूनही या लोकांनी गावोगाव देव बसवले. इथे अशा देवळाला ‘जॉस हाउस’ म्हणतात. हा ‘जॉस’ म्हणजे पोर्तुगीज ‘देउश’, गोव्याच्या माणसाला ओळख पटेलच.

सगळ्यात जवळचं मेरीसव्हिलचं बोक काई, १८८० चं. यूबा नदीच्या बांधाला लागून, आणि देवही पाण्याचा. चिनी पंचांगातल्या दुसऱ्या महिन्याच्या द्वितीयेला इथे ‘बॉम्ब डे’ असतो; फटाक्यांसोबत उडालेली कडी झेलायला तरुणांची झुंबड उडते. या उत्सवाला जाणार असाल तर हेच निवडा. एरवी मात्र आधी फोन करून वेळ ठरवल्याशिवाय निघू नका.

ओरोव्हिलचं १८६३ चं. ताओ, बुद्ध आणि कन्फ्यूशियस अशा तिघांची स्थानं एकाच आवारात, मध्ये बाग. १९०७ च्या पुरानंतर इथली चिनी वस्ती विरत गेली, पुढे देऊळ नगरपालिकेकडे आलं आणि १९४९ पासून ते संग्रहालय आहे. नीट समजून घेत, निवांत पाहायचं तर हे सोयीचं. पण जाणवतं ते संग्रहालयच.

मला विचाराल तर वीव्हरव्हिल. लांब आहे, रेडिंगच्या पुढे तासभर घाटवळणं आहेत, मुक्काम करावा लागेल. तरी जाच. आधीचं देऊळ १८७३ मध्ये जळालं आणि पुढच्याच वर्षी लोकांनी हे उभारलं. नाव ‘ढगांखालच्या रानातलं देऊळ’. बांधणी लाकडी, पण दर्शनी भिंत निळी रंगवून तिच्यावर पांढऱ्या रेघा ओढल्यात, चीनमधल्या, त्यांच्या गावाकडच्या विटांच्या भिंतीसारखी दिसावी म्हणून. १९५६ पासून ते राज्याचं ऐतिहासिक उद्यान आहे, तरी पूजा थांबलेली नाही. वेदीपाशी भविष्य विचारायच्या काड्या आहेत. कोकणात देवाला कौल लावताना पाहिलेल्या माणसाला त्या समजावून सांगाव्या लागणार नाहीत.

भुतंखेतं सरळ रेषेतच चालतात अशी समजूत, म्हणून दाराच्या आत लाकडी आडोसा आहे आणि उंबरा मुद्दाम उंच. आईचे गुडघे दुखत असतील तर तिथे तिचा हात धरा.