पावसाळ्यात लांबची क्रूझ: कंपनी कशी निवडली आणि वापरून काय वाटलं

आमची देवगड तालुक्यात आंब्याची बाग आहे, त्यामुळे सुट्टी म्हटली की ती पावसाळ्यातच. मे संपता संपता शेवटच्या पेट्या जातात, मिरगाचा पाऊस लागला की झाडांना खतं घालून होतात, आणि जुलैच्या शेवटी कल्टार (पुढचा मोहोर यावा म्हणून झाडाला द्यायचं औषध) घालायच्या वेळेला परत हजर असायलाच पाहिजे, मधले जे काही आठवडे मिळतात तेवढेच आमचे. मी शाळेतून रिटायर झाल्यावर ठरवलं की आता चार दिवसांच्या ट्रिपा बास, सलग जाऊन राहायचं. ह्यांना बस आणि हॉटेल बदलायचा कंटाळा, रोज बॅग भरा रोज उघडा, म्हणून क्रूझ. वेगवेगळ्या कंपन्या करून झाल्यात, नातेवाईक सारखे फोन करून विचारतात की कुठली घेऊ, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

आधी हे लक्षात घ्या की जून-जुलैत आपल्याकडचा समुद्र बंद. मच्छीमारांच्या बोटीसुद्धा १ जूनपासून किनाऱ्याला लागतात, तर मुंबई-गोवा क्रूझ कुठून चालणार. कॉर्डेलिया ह्या आपल्याकडच्या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस जहाज पावसाळ्यात चेन्नईकडून फेऱ्या करत आलंय. पण ज्यांनी कधीच क्रूझ केली नाही त्यांनी थंडीत मुंबईहून लक्षद्वीपची एखादी फेरी जरूर करावी, कारण पासपोर्ट लागत नाही, जेवण आपलं, जैनसुद्धा मिळतं, आणि मुख्य म्हणजे जहाजावर आपल्याला झोप लागते का, मळमळतं का हे दोन-चार रात्रींत कळतं. जहाज जुनं आहे, १९९० चं, पूर्वी नॉर्डिक एम्प्रेस नावाने रॉयल कॅरिबियनकडे होतं. आम्हाला मजा आली. पण महिनाभर राहायची ही जागा नव्हे, तो त्याचा उद्देशही नाही, लोक शनिवार-रविवार नाचायला येतात आणि नाचावंच की.

सिंगापूरहून सुटणारं गेंटिंग ड्रीम जहाजसुद्धा तसंच, पिनांग, फुकेत वगैरे, भारतीय जेवणाची सोय चांगली, सोबत सासू-सासरे आणि मुलं असं सगळं खटलं असेल तर डोळे मिटून घ्या. लांब सुट्टीचा प्रश्न तिथेही सुटत नाही कारण फेऱ्या छोट्या आहेत.

आता मुद्द्याचं. युरोपात भूमध्य समुद्रात एमएससी आणि कोस्टा ह्यांची जहाजं सात रात्रींचा गोल मारत असतात, बार्सिलोना, मार्से, जेनोवा, नेपल्स असे. ह्यांची गंमत म्हणजे ठरावीक एकाच बंदरात चढावं लागतं असं नाही, बऱ्याच फेऱ्यांना मधल्या बंदरांतही चढता-उतरता येतं, तेव्हा विमानाचं तिकीट जिथलं स्वस्त मिळेल तिथून चढायचं. रोज थोडे लोक उतरतात, थोडे चढतात, घोषणा चार-पाच भाषांत होतात. दर खरंच कमी असतात, म्हणून लोक म्हणतात की दोन-तीन फेऱ्या लागोपाठ घ्या, झाली लांब सुट्टी. आम्ही तसं केलं. होतं काय, तर आठवा दिवस उजाडला की तीच बंदरं, तेच शो, आणि सात दिवसांच्या बहुतेक जहाजांवर जेवणाचा मेन्यूही फिरून पहिल्यावर येतो. ह्यांना ते आवडलं बरं का! पहिल्या आठवड्यात घाईघाईने बघितलेलं नेपल्स दुसऱ्या आठवड्यात निवांत, म्युझियम नाही, किल्ला नाही, नुसतं बाजारात फिरून मासळी बघून आले आणि भाव विचारून आले (घेऊन करणार काय होते ते त्यांनाच माहीत). मला मात्र तिसऱ्या खेपेला कंटाळा आला. आणि लागोपाठ फेऱ्या घेणार असाल तर एकच केबिन सगळ्या फेऱ्यांना मिळतेय का हे बुकिंगच्या वेळीच बघा, नाहीतर मध्येच बिऱ्हाड हलवावं लागतं.

बंदराच्या नावावर जाऊ नका. ब्रोशरमध्ये रोम लिहिलेलं असतं पण जहाज लागतं चिवितावेक्कियाला, तिथून रोम ट्रेनने तासाभरावर. फ्लोरेन्स म्हणजे लिवोर्नो किंवा ला स्पेत्सिया. म्हणजे कुडाळ स्टेशनवर उतरवून मालवण आलं म्हणून सांगण्यातला प्रकार. व्हेनिसला तर ऑगस्ट २०२१ पासून मोठी जहाजं गावासमोरून जाऊच देत नाहीत, मार्गेरा, राव्हेन्ना नाहीतर त्रिएस्तेला थांबतात. त्यामुळे बंदराचं खरं नाव, तिथून गाव किती लांब, आणि जहाज किती वाजता सुटणार ह्या तीन गोष्टी कागदावर उतरवून काढल्याशिवाय दोन कंपन्यांची तुलना करूच नये, किमतीचं नंतर. आणि जून-जुलैत रोम-अथेन्सचं ऊन आपल्या मे महिन्याला लाजवेल असं असतं, घामाच्या धारा.

म्हणून पुढचा पावसाळा आम्ही नॉर्वेकडे काढला आणि माझ्या मते आपल्यासारख्या जून-जुलैवाल्यांसाठी हाच खरा पर्याय. हॉलंड अमेरिका ही जुनी कंपनी, १८७३ ची, रॉटरडॅमहून तिची जहाजं नॉर्वेला जातात. ह्यांच्याकडे दोन वेगवेगळे मार्ग जोडून एक लांब फेरी विकतात, कलेक्टर्स व्हॉयेज म्हणतात, त्यात बंदरं सहसा परत परत येत नाहीत, म्हणजे वर सांगितलेला तिसऱ्या खेपेचा कंटाळा टळला. प्रवासी बहुतेक आमच्याच वयाचे नाहीतर आमच्याहून मोठे, गोंगाट कमी, संध्याकाळी वाजवणारे खरोखरचे बसून वाजवतात. तरुण मंडळींना इथे जांभया येतील. आम्हाला हे जहाज मानवलं.

पण मनात बसलं ते हुर्टिग्रुटन. ही खरं तर क्रूझ नाहीच. १८९३ पासून नॉर्वेच्या किनाऱ्याने चालणारी टपालाची, मालाची आणि माणसांची बोट, बर्गनहून वर किर्केनेसपर्यंत आणि परत, ३४ बंदरं, जाऊन-येऊन १२ दिवस. अलीकडे हाविला म्हणून दुसरी कंपनीही त्याच मार्गावर चालते. कसिनो नाही, शो नाही. रात्री दोनला कुठल्यातरी बारक्या बंदरात लागते, फोर्कलिफ्टने खोकी आत-बाहेर होतात, दप्तर पाठीला लावलेली एखादी पोरगी उतरते, तिला न्यायला बाप गाडी घेऊन आलेला असतो, आणि पंधरा-वीस मिनिटांत बोट हलते. मी डेकवर उभी राहून हे बघत बसायचे, झोपायचं सोडून. आमच्या सासूबाई लग्न होऊन आल्या त्या आपल्या कोकणच्या अशाच बोटीने, कोकण सेवक, कोकण शक्ती ह्या पुढच्या काळातल्या, त्यांच्या वेळच्या त्याहून जुन्या. बोट बाहेर उभी राहायची, पडावात उतरायचं, पडाव डुलतोय, हातात ट्रंक, आणि वरून खलाशी ओरडतोय, हे त्या शेवटपर्यंत सांगायच्या. आपल्याकडे ती बोट बंद पडली, नॉर्वेवाल्यांनी अजून चालू ठेवलीय, आणि वर जगभरच्या लोकांना विकतात, ह्याचा मला थोडा रागच आला खरं सांगायचं तर.

हुर्टिग्रुटनवर जाताना जी बंदरं रात्री लागतात ती येताना दिवसा लागतात, त्यामुळे पैसे असतील तर दोन्ही बाजू करा. जेवणात मासे, मासे आणि मासे, कॉड, सामन, खेकडा, आपल्याला काय हरकत. शाकाहारींना मिळतं पण तिखट-मीठ जपूनच. आषाढी एकादशी बोटीवर आली, तर उकडलेले बटाटे, दही आणि फळं ह्यावर मस्त निभावलं. पण महाग आहे, ते लपवत नाही, त्या पैशात भूमध्य समुद्रात जवळजवळ दुप्पट राहून होईल.

केबिनबद्दल. सगळे बाल्कनी बाल्कनी करतात. मला विचाराल तर उत्तर नॉर्वेत जून-जुलैत सूर्य मावळतच नाही, पडद्याच्या फटीतून रात्री बाराला ऊन येतं, तिथे बिनखिडकीची आतली केबिन सगळ्यात छान झोप देते आणि स्वस्त पडते. इतरत्र मात्र आठवड्याच्या वर राहणार असाल तर निदान खिडकी घ्याच, सकाळ झाली का तेच कळत नाही नाहीतर. जागा जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर, तिथे हलतं कमी. वरती-खाली दोन्हीकडे केबिनच असल्या पाहिजेत. एका जहाजावर (नाव घेत नाही) आमच्या डोक्यावर बफेचा डेक होता, पहाटे पाचपासून खुर्च्या ओढल्याचा खर्रर्र खर्रर्र आवाज, मग थांबायचा, वाटायचं संपलं, आणि पुन्हा खर्रर्र. रिसेप्शनवर सांगितलं तर हसून कानात घालायचे बोळे दिले. डेकचा नकाशा सगळ्या कंपन्यांच्या साइटवर असतो, तो नीट बघा.

लांब राहताना खरा प्रश्न कपड्यांचा, हे कोणी सांगत नाही. कपड्यागणिक पैसे घेऊन धुवून देतात आणि तो दर बघून मी बाथरूममध्येच धुवायला घेतलं, पण सुती कपडे वाळत नाहीत. प्रिन्सेसच्या जहाजांवर पैसे भरून आपलं आपण धुवायची मशीनं आहेत, व्हायकिंगवर तर तीच मशीनं फुकट. व्हायकिंग आम्ही फक्त भाव काढून बघितलं, १८ च्या खालच्यांना घेतच नाहीत, कसिनो नाही, प्रत्येक बंदरात गाव दाखवायची एक फेरी धरलेली, जेवणाबरोबरची वाइन धरलेली. आकडा बघून ह्यांनी लॅपटॉप मिटला. पण बाकीच्यांच्या आकड्यात टिप, वायफाय, फेऱ्या, धुलाई सगळं मिळवून बघितलं तर फरक वाटतो तेवढा राहत नाही.

टिपेचं सांगते. बऱ्याच मोठ्या कंपन्या माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर आपोआप बिलात लावतात. दोघांचं महिनाभराचं गणित तुम्हीच करा. दारूचं पॅकेज घ्यायचं तर बऱ्याच ठिकाणी केबिनमधल्या सगळ्या मोठ्या माणसांनी घ्यावं लागतं, म्हणजे हे घेणार म्हणून मी पण, जिला लिंबू सरबत पुरतं. आम्ही नाही घेतलं. एकदा वाऱ्यामुळे एक बंदर गाळलं, परत मिळाली ती फक्त बंदराची फी, आणि करारात तसंच लिहिलेलं असतं सगळ्यांच्या, भांडून उपयोग नाही. एजंटाकडून बुक केलं तर टीसीएस (सरकारचा आगाऊ घेतलेला कर) कापतात, तो रिटर्न भरताना मिळतो, पावती जपून ठेवा.

व्हिसा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) मल्टिपल एंट्रीच, म्हणजे परत परत आत येता येईल असाच मागा. जहाज इस्तंबूल किंवा माँटेनेग्रोला गेलं की तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडलात, सिंगल असेल तर परत चढताना पंचाईत. क्रोएशिया २०२३ पासून आत आलाय. साउथहॅम्प्टनहून सुटणारं जहाज असेल तर यूकेचा वेगळा व्हिसा.

सामानात किटली आणि इस्त्री नेऊ नका, काढून घेतात. चहाबाज लोकांसाठी पी अँड ओ आणि क्युनार्ड ह्या इंग्लिश कंपन्या केबिनमध्येच चहाची सोय ठेवतात, नोंद करा. घरी केलेली चटणी, लोणचं बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत, सीलबंद पाकीट चालतं, त्यामुळे मेतकूट दुकानातलं नेलं. आणि एक युक्ती एका जहाजावरच्या वेटरने सांगितली. ह्यांचं माझ्याशी मालवणीत काहीतरी चाललं होतं, तो पोरगा ताट उचलता उचलता थबकला, "खंयचे तुमी?" देवगडचे म्हटल्यावर, "माझो गाव शिरोडा," आणि मग हळूच, "काका, डाळ-भात होयो तर आदल्या रातीक हेड वेटराक सांगा, तो देतलो." दुसऱ्या दिवशी खरंच आला, वर तुपाची धार नव्हती एवढंच. तेव्हापासून कुठल्याही जहाजावर पहिल्याच रात्री हेड वेटरला गाठून विचारतो, सहसा नाही म्हणत नाहीत. आपल्याकडची किती पोरं ह्या जहाजांवर आहेत, सहा-सहा नऊ-नऊ महिन्यांच्या काँट्रॅक्टवर, सुट्टी न घेता. त्या आपोआप कापलेल्या टिपेशिवाय त्याच्या हातात वेगळे पैसे दिले.

तर स्वस्तात सलग राहायचं आणि तेच तेच चालतं, तर एमएससी-कोस्टा. रोज नवीन गाव आणि शांतपणा पाहिजे, तर हॉलंड अमेरिका. पैसे बाजूला ठेवले तर मी हुर्टिग्रुटन दरवर्षी करेन. येत्या जूनला ह्यांच्या डोक्यात अलास्का आहे. ग्लेशियर बेमध्ये दिवसाला दोनच क्रूझ जहाजं सोडतात, त्यामुळे परवाना असलेलं जहाजच घ्या, हॉलंड अमेरिका आणि प्रिन्सेस दोघांकडे आहे. पण तिथे अमेरिकेचा व्हिसा आणि कॅनडाचाही, कारण सिएटलहून निघालं तरी अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला मध्ये एक परदेशी बंदर घ्यावंच लागतं, ते सहसा व्हिक्टोरिया. व्हिसाच्या तारखा मोहोर यायच्या आधी मिळाल्या तर अलास्का, नाहीतर परत बर्गन, असं ठरलंय.