चायनीजचे पाच स्टार आणि बिलातला जीएसटी

जुळे सोलापुरात राहत असाल आणि मोबाईलवर स्टार बघून चायनीजचं पार्सल सांगत असाल, तर हे वाचा. दुकानाचं नाव लिहीत नाही. ही तऱ्हा एकाच दुकानाची असेल असं मला वाटत नाही.

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एक चायनीज सेंटर आहे. बसायला जागा नाही, फक्त पार्सल. गुगलवर ४.८, आणि अभिप्राय असे की सात रस्त्यापासून विजापूर रोडपर्यंत दुसरीकडे खाऊच नये. पोरांच्या हट्टापायी ट्रिपल शेजवान आणि पनीर चिली सांगितली. पैसे दिले तसा काउंटरवरच्या पोरानं क्यूआर कोड पुढं केला. "काका, पाच स्टार टाका, मंचुरियन फ्री." माझ्या पुढचे दोघं 'टेस्ट एक नंबर' लिहीतच होते. त्यांच्या हातात पिशवीसुद्धा आली नव्हती! फुकटाच्या बदल्यात अभिप्राय घेणं गुगलच्या नियमात बसत नाही, पण काउंटरवर नियम कोण बघतो? खाऊन मग टाकतो म्हटल्यावर मंचुरियन काही मिळालं नाही.

घरी डबे उघडले. पनीर चिलीत सगळी सिमला मिरची, पनीर शोधून काढावं लागलं. ट्रिपलमध्ये ग्रेव्हीच नाही. फोन केला तर म्हणे, "ग्रेव्हीचे वेगळे पैसे." अहो, भात, नूडल्स आणि ग्रेव्ही मिळूनच ट्रिपल होतं ना? आणि तिखट म्हणाल तर नुसता लाल रंग. शेंगा चटणी खाऊन वाढलेल्या माणसाला तेवढं कळतं.

खरी गंमत बिलात होती. पदार्थांचे ३६०, वर ५ टक्के जीएसटी म्हणून १८ रुपये, शिवाय पॅकिंगचे वेगळे. बिलावर २७ पासून सुरू होणारा १५ अक्षरी जीएसटी नंबर होता, म्हणजे वरवर सगळं रीतसर. तो जीएसटीच्या वेबसाईटवर टाकून पाहिला. लॉगिन लागत नाही, 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये कुणालाही बघता येतं. करदात्याचा प्रकार निघाला कंपोझिशन, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीची जीएसटीची सोपी योजना. अशा दुकानदारानं कर आपल्या खिशातून भरायचा असतो, गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, आणि तसं बिलाच्या वर छापावंही लागतं. म्हणजे हे १८ रुपये सरकारचे नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी बिल आणि मोबाईल घेऊन गेलो. मालक आधी हसला. "अठरा रुपयांसाठी आलात होय साहेब?" मोबाईलची स्क्रीन बघितली आणि मुकाट्यानं गल्ल्यातून काढून दिले. ग्रेव्हीचं विचारलं तर कानावर घेतलं नाही. मी तिथं असतानाच पुढच्या गिऱ्हाइकाचं बिल निघालं, त्यावरही जीएसटी होताच. त्या बाईंना सांगितलं, त्यांनीही परत घेतले.

तुमच्याकडे असं बिल असेल तर ते फेकू नका, फोटो काढून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करता येते. आणि स्टार बघायचेच असतील तर सगळ्यात कमी स्टारचे अभिप्राय आधी वर आणून वाचा. मी केलं तेव्हा 'ग्रेव्ही दिली नाही' असं लिहिणारे आधीच बरेच निघाले. प्रत्येकाखाली मालकाचं एकच उत्तर आहे, "सर, आपण आमच्याकडे आलाच नाहीत." आता माझ्या अभिप्रायाखालीही तेच आहे. मी त्याला बिलाचा फोटो जोडलाय.